अर्धी गोळी

माय, काल तुझी शेजारीण आली होती. कोंढ्याहून एसटीनं भंडाऱ्याला, तिथून ऑटोनं इथे जवाहरनगरच्या क्वार्टरवर. गुडघे धरत पायऱ्या चढली, खुर्चीत टेकली, आणि तिची नजर गेली ती खिडकीतल्या पाकिटावर. "काय वं बाई, ह्या तुह्या मायच्याच गोळ्या ना?" माझा श्वास अडकला. तसाही तो हल्ली पुरता आत जात नाही.

तुला झालं तेच मला झालं. डाव्या स्तनात गाठ, ऑपरेशन, मग नागपूरला किरणांचा शेक. तुझ्या वेळी यंत्राखाली नुसतं पडून राहायचं होतं. मला आधी श्वास धरायला शिकवलं. छाती भरून घ्यायची, तेवढ्यातच किरण सोडतात, म्हणजे हृदय बाजूला राहतं आणि फुप्फुसही कमी सापडतं. मी जीव लावून धरला, तरी काही महिन्यांनी कोरडा खोकला आलाच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किरणांनी फुप्फुसाचं आतलं नाजूक अस्तर दुखावतं, सूज मागाहून येते. ती वेळेत उतरली नाही तर भाजल्याचा व्रण कातडी ओढून धरतो तसं फुप्फुस आकसतं, आणि मग सैल होत नाही. "आधीच वाचवणारं काही औषध नाही का?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. "शोधताहेत. पण भरवशानं हातात द्यावं असं अजून नाही. आता सुजेवर ह्या गोळ्या. मी सांगेन तशाच हळूहळू उतरवायच्या, मनानं एक कमी करायची नाही." परवा पुन्हा स्कॅन आहे. सूज उतरली की फुप्फुस आकसायला लागलं, ते तेव्हा कळेल.

मनानं कमी करायची नाही म्हटल्याबरोबर मी तुझ्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले. तू चुलीपाशी बसली आहेस. विळीच्या पात्यावर गोळी ठेवून दोन तुकडे करतेस, एक तोंडात टाकतेस, एक पदराच्या टोकाला बांधतेस. मी विचारते, "काहून वं माय?" "शेजारणीचे गुडघे पाह्य ना. धानाच्या रोवण्यात वाकता येत नव्हतं तिले. माह्या अर्ध्या गोळीनं पोरीवानी चालून राहिली. मले तं आता बरं वाटते." मी ओरडले, तर तू हसलीस. "अवं, गोळीच तं आहे, धानाची बांधी थोडीच देल्ली!" आपल्याकडची वाटीभर भाजी तिच्याकडे, तिचं दही आपल्याकडे, औषधही त्याच वाटेनं गेलं. तोवर बरेच दिवस तसंच चाललं होतं. तुझ्या फुप्फुसाची सूज पुन्हा चढली. रोवणा संपला तेव्हा अंगणातून ओसरीवर येईपर्यंत तुला मध्ये बसावं लागत होतं. नुसतं त्यानंच झालं असं सांगता येणार नाही, डॉक्टर म्हणाले. म्हणोत. मला तुझा राग येतो माय, अजून येतो. कोणाला नाही म्हणणं तुला जमलंच नाही.

काल ती म्हणाली, "एक दे ना बाई. तुह्या मायनं देल्ली होती तं रोवणाभर गुडघा दुखला नाही. लय जीव होता तिचा माह्यावर." तिला काही माहीत नाही. तुझा श्वास कुठे गेला ते सांगावं, असं अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात मला खोकल्याची उबळ आली, आणि तीच उठून माझी पाठ चोळत बसली. मग कसं सांगणार? मी एवढंच म्हटलं, "नाही काकू, ह्या देत नाही. आमचे हे तुले हाडाच्या डॉक्टरकडे नेतील, गाडीनं." तिनं चहा अर्धा ठेवला. दारात थांबून म्हणाली, "तुह्यी माय अशी नव्हती वं."

नव्हतीच.

तुला आणखी एक सांगते, बाकी कोणाला सांगणार नाही. ती पायऱ्या उतरून ऑटोत बसेपर्यंत एक गोळी माझ्या मुठीत होती. हाक मारायला तोंडही उघडलं होतं. ऑटो वळला, मूठ उघडली, गोळी घामानं ओली झाली होती. तशीच गिळली, अख्खी.