मार्करची पोरगी

बाबा, तुमचा तो पाकिस्तानी गडी रविवारी शेवटचा स्नूकर खेळला. मनीषनगरच्या घरात, गॅलरीत बसून मी मोबाइलवर पाहिलं. केस पिकलेत, चष्मा लागलाय, पण क्यू धरून वाकला की अजून तसाच, दम रोखून. हरला. समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून हसला आणि दिव्याखालून बाहेर गेला. मला मात्र एकदम गरम इस्त्रीचा वास आला.

क्लबातली दुपार. बाहेर मे महिना, आत पडदे ओढलेले, सगळीकडे हिरवा उजेड. कूलर लावायचा नाही, ओलीनं टेबलाचं कापड जड होतं, बॉल रेंगाळतो. तुम्ही क्लबचे मार्कर, गुण पुकारणारे. पण मुळात विणकराचं पोर. कापडावर इस्त्री फिरवताना मागावर बसल्यासारखे गप्प होता. मी खुर्चीत पेंगतेय. टीव्हीवर तो आहे, ऐन विशीतला, कसल्याशा मोठ्या फायनलमध्ये. त्याची बाही बॉलला चाटून जाते, म्हणजे फाउल, पाळी गेली. पंचाला दिसत नाही. तोच हात वर करतो आणि टेबल सोडून बसतो. ती फायनल तो हरला.

"पाकिस्तानवाल्याचा चेला झाला का बे?" मेंबर तुम्हाला चिडवत. "टेबलाले कुठं बॉर्डर असते, साहेब?" म्हणायचे तुम्ही. मग माझ्याकडे वळून, "त्याले पाहून घे वं. पॉइंट गेला तर गेला. खाल्लेला पचत नाही."

पुढे तो विश्वविजेता झाला. मग कितीतरी वर्षं त्याला कुणी विचारेना, नजरही अधू झाली, आणि चाळिशी उलटल्यावर चष्मा लावून तो पुन्हा जिंकला. पहिल्या वेळचं कात्रण तुमच्या पाकिटात होतं. दुसऱ्या वेळी तुम्ही नव्हतात, पेढा मी एकटीनंच खाल्ला.

तुमच्याकडून शिकून मीही खेळायचे, पण मोठी स्पर्धा एकदाच जिंकले. जिंकणारीला खेळाडू कोट्यातून नोकरी होती. फायनलला पंच आलाच नाही, तेव्हा तुम्हालाच पंच करा असं समोरच्या मुलीचे वडीलच म्हणाले, "मार्कर खोटं बोलत नाही, चालते." शेवटच्या फ्रेममध्ये, निकालाच्या डावात, मी निळा बॉल खिशात घालायला वाकले आणि ओढणी गुलाबी बॉलला लागली.

"लागली का वं?"

"नाही."

"बाप विचारून नाही राहिला. मार्कर विचारून राहिला."

"नाही लागली, बाबा."

तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलंत आणि खणखणीत आवाजात निळ्याचे माझे पाच गुण पुकारलेत.

त्या नोकरीवर हे घर झालं, तुमचं औषधपाणी झालं. माझा खेळ पाहायला मात्र तुम्ही पुन्हा आला नाहीत. गुडघे दुखतात म्हणालात. क्लबात दिवसभर टेबलाभोवती फिरायचात ते? मला तुमचा राग यायचा. त्या पाकिस्तान्याचाही, एवढा साधू कशाला बनतो मेला, म्हणून.

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून लिहिते. ओढणी लागली होती, बाबा. लिहिल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. आणि आज तुम्ही समोर उभं राहून पुन्हा विचारलंत ना, तर मी पुन्हा नाहीच म्हणेन.