अख्खी दुमडणारी सीट

मंगळवार, साक्री

आज पुन्हा धुळ्याला शोरूममध्ये जाऊन आले. या वेळी नानांना, म्हणजे वडिलांना, सोबत नेलं. नवी गाडी त्यांच्यासाठीच तर घेतली. त्यांची व्हीलचेअर डिकीत मावत नाही, पण मागची सीट दोन भागांत दुमडते असं जाहिरातीत होतं. अर्ध्यात खुर्ची, अर्ध्यात आई. घरी आणल्यावर पाहिलं तर सीट अख्खीच दुमडते. म्हणजे खुर्ची नेली की आई घरी. आणि आईशिवाय नाना दवाखान्यात जात नाहीत.

मॅनेजर म्हणाला, "मॅडम, ते वरच्या मॉडेलचं वर्णन. घेताना बघायला हवं होतं."

बघायला हवं होतं? मग जाहिरात कशासाठी असते? वर सीट कव्हर फुकट देतो म्हणाला. अख्ख्या दुमडणाऱ्या सीटला कव्हर!

जाताना वाटेत नाना मलाच समजावत होते, "बठ्ठं चांगलं शे, मंग कसाले भांडस?" गाडी सगळी चांगली आहे, तर भांडण कशाला, असं त्यांचं म्हणणं. नाना आपलीच बाजू घेतील असं मॅनेजरलाही वाटलं असावं. त्यांच्याकडे वळून म्हणाला, "आबा, तुम्हीच समजवा यांना."

नाना शांतपणे म्हणाले, "भाऊ, जे दखाडं तेच दे."

वाटेत मला आवरणारे नाना आता जे दाखवलं तेच मागत होते.

गाडी बदलून द्यायला तो तयार झाला नाहीच. उद्या ग्राहक आयोगात तक्रार देणार आहे. नानांना म्हटलं, तुम्ही आराम करा.

"मी बी येस," म्हणाले, आणि आईला इस्त्रीचा सदरा काढून ठेवायला सांगितलं.