मऊ पिन आणि नायलॉनचे स्लायडर

आप्पा, या आठवड्यात तुमच्या लेथवर मी नायलॉन घेतलं होतं. तुम्हाला ते कधीच आवडलं नाही. लांबच लांब साल निघते, काम धरणाऱ्या चकाभोवती गुंडाळते, आणि तापल्या लोखंडाचा वासही येत नाही. पण काम घरचं होतं. तुमच्या नातीनं मोटरसायकल घेतलीय, वाकून बसायची, शर्यतीच्या धाटणीची, दोन्ही अंगांना प्लास्टिक. तुम्ही गेलात तेव्हा ती बालवाडीत होती. आता पुण्यात नोकरी करते, स्वतः कमावते, त्यामुळे "घेऊ का?" असं तिनं विचारलं नाही, "घेतली" एवढंच सांगितलं. हा स्वभाव कुणाचा, ते मी तुम्हाला सांगायला नको.

तसली गाडी आडवी झाली की आधी ते प्लास्टिक फुटतं आणि मग इंजिनाचं कव्हर. म्हणून इंजिन जिथं चौकटीला बोल्टनं धरलेलं असतं तिथं दोन्ही बाजूंना मुठीएवढा एकेक गुटका बसवतात. गाडी पडली तर त्याच्यावर घसरत जाते, म्हणून त्याला स्लायडर म्हणतात. ते कसले घ्यायचे यावरून ती सुट्टीला आल्यापासून आमचं वाजत होतं. तिला लाल ॲल्युमिनियमचे हवे होते, चांगले लांब. "भारी दिसत्यात की, आई." आपल्या रस्त्याच्या तोंडाला गाड्यांच्या सामानाचं दुकान झालंय, तो दुकानदार तर जाड पाइपचा पिंजराच घाला म्हणत होता. "वैनी, हत्ती बसला तरी वाकणार न्हाई." वाकणार नाही हीच तर अडचण, पण त्याला ते सांगत बसले नाही. मला तो नेसरीकडचा गुऱ्हाळवाला आठवला.

मी शाळा सुटली की उद्यमनगरात तुमच्या दुकानात येऊन बसते आहे, ते दिवस. गुऱ्हाळांच्या चरकांना तुम्ही मऊ लोखंडाची पिन करून देता. उसाबरोबर दगड आत गेला की पिन तुटते, चरक थांबतो आणि मोठं दातेरी चाक वाचतं. या गृहस्थाला कढईत रस उकळत असताना पिन तुटल्याचा राग आला आणि त्यानं तिच्या जागी नांगराचा बोल्ट ठोकला. पुढचा दगड आला तेव्हा बोल्ट जागच्या जागी राहिला आणि चाकाचे दात उडाले. ते चाक ट्रॉलीत घालून आला आणि वर तुम्हालाच म्हणतो, "तुमची पिनच कच्ची हाय." तुमचा आवाज पलीकडच्या फाउंड्रीत ऐकू गेला असणार. "पावणं, ती कच्ची हाय म्हणून तुमचं चाक आजपतोर टिकलं. काय तुटायचं ते आपण आधी ठरवायचं असतंय. न्हाई ठरवलं तर चाक ठरवतंय." जास्तीची पिन तुम्ही कुणालाच द्यायचा नाहीत. तुटकी आणा, नवी न्या. तुटलेलं तोंड उजेडात धरून सांगायचात, दगड गेलता की मोळी जास्त सारली होती, आणि त्याप्रमाणे शिव्या कमीजास्त व्हायच्या.

पोरीला मी लेथजवळ उभी करून हेच सांगितलं. ॲल्युमिनियम रस्त्याला अडकतं आणि गाडी उलटवतं, नायलॉन झिजत घसरतं. लांब गुटका पहारीसारखा जोर लावून, बोल्ट ज्यातून जातो तो इंजिनाचा कानच मोडतो, म्हणून प्लास्टिकच्या बाहेर जेमतेम येईल एवढाच ठेवायचा. बोल्टचं डोकं खोल आत, म्हणजे अर्धा गुटका झिजला तरी लोखंड रस्त्याला लागत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण आई, ह्यानं गाडी वाचती. मी न्हाई."

तुमच्या गाडीला तुम्ही स्वतः वाकवलेला जाड पाइपचा गार्ड होता. लोकांना मऊ पिन आणि स्वतःच्या गाडीला पहार. कारखान्याच्या रस्त्यावर, ट्रॉलीतून सांडलेल्या पाल्यावरून तुम्ही घसरलात. गाडी घरी आणली तेव्हा पहिल्या किकला सुरू झाली, आरसासुद्धा जागेवर होता. मला तिचा इतका राग आला की विकलीही नाही, भंगारात घातली. तुमचं हेल्मेट दाराजवळच्या खुंटीला होतं. डोकं तापतं म्हणायचात. अख्खं कोल्हापूर तेच म्हणायचं, पण अख्खं कोल्हापूर माझे वडील नव्हतं. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे.

"व्हय, गाडीच वाचती," मी म्हटलं. "तुझ्यासाठी हेल्मेट आणि ते जाड जाकीट. ते न्हाई तर हेबी न्हाई."

"घातल्याबिगर मी चावी लावत न्हाई. आजोबांचं मला म्हाईत हाय."

तिच्यासमोर आम्ही तो विषय कधी काढला नव्हता. मी लेथ सुरू केला.

आज सकाळी जोडी बसवली. बोल्ट तिनंच आवळले, मी फक्त हात लावून पाहिले. निघताना सांगितलं, गुटका घासला तर काढून माझ्याकडं आणायचा. मी बघून सांगीन कशानं पडलीस, मग दुसरा देईन.

"आणि पडलेच न्हाई तर?"

"तर नुसती ये."

ती गेली. पुण्याला पोचल्याचा तिचा फोन येईपर्यंत हे लिहीत बसले, आत्ताच आला. कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून तुमच्या पिनांच्या खणात ठेवायला गेले, तर खण बंद होईना. ही एकच जोडी, नायलॉन संपलं, असं मी तिला सांगितलंय. ते खोटं आहे, आप्पा. आठवडाभर ती झोपली की मी गुटकेच करत होते. खण त्यांनीच भरलाय.