ओसरीचा हक्क आणि चिपाडाची माणसे

॥ ॐ नमः शिवाय ॥

मी पार्वतम्मा भ्र. वीरभद्र, जात लिंगायत वाणी, वय साठीच्या पुढे, राहणार सास्तूर, जिल्हा उस्मानाबाद, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणी दटावले नसताना आणि कोणी गोड बोलून वळवले नसताना, माझ्या मागे काय व्हावे ते सांगून लिहवीत आहे. ‘गोड बोलून’ हे शब्द लिहिणारे उत्तरेश्वर मास्तर यांना पसंत नव्हते. दस्तात असे लिहीत नाहीत, असे ते म्हणाले. मी म्हणाले, लिहा. दटावणारे माझ्या दारात एकदाच आले, गोड बोलणारे रोज येतात.

मास्तर भले गृहस्थ आहेत. तरी प्रत्येक कलम लिहून झाल्यावर मी ते शेजारच्या कस्तुराबाईच्या लेकीकडून वाचून घेतले. ती शाळेत जाते आणि मास्तरांना भीत नाही. निजामाच्या अमलात हा कागद उर्दूत झाला असता, म्हणून मी तेव्हा केला नाही. ऐकून जे समजत नाही त्यावर मी अंगठा देत नाही. एकदाच दिला, का दिला ते पुढे येईल.

कलम १. घर. वाटणीत यजमानांच्या हिश्श्याला आलेले हे माळवदाचे घर त्यांनी हयातीतच बक्षीसपत्राने माझ्या नावे केले. त्यावर इतर कोणाचा हक्क पोचत नाही. मला मूलबाळ नाही. घराचा मागचा भाग, परसू आणि आड हे धाकटे दीर शिवलिंग यांचा मुलगा सोमलिंग याला द्यावे. सोमलिंगला मी अंगाखांद्यावर खेळवले, हे खरे. गेल्या गुढीपाडव्यापासून तो येता-जाता रस्त्याकडची ओसरी पावलांनी मोजतो, हेही खरे. विचारले की म्हणतो, पाय मोकळे करतोय. त्याला तेथे धान्याचे कोठार करायचे आहे. म्हणून अट घालते की ओसरीच्या भिंतीला त्याने दार पाडू नये, खिडकी पाडू नये, आणि ‘दोन दिवसांपुरते’ म्हणून एकही पोते टेकवू नये.

कलम २. गाय कस्तुराबाईला द्यावी. ती वासराला आधी पाजते, मग धार काढते. मोठा हंडा मठाला द्यावा, पण तो मठात पोचला की वाटेत कोणाच्या न्हाणीत गेला, हे कोणीतरी जाऊन पाहावे. माझ्या गळ्यातले इष्टलिंग माझ्याबरोबर समाधीत जाईल. लिंगाची चांदीची डबी मात्र वर ठेवावी व विकून त्यातून माती देण्याचा आणि जेवणाचा खर्च करावा. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या भावकीत अशा डब्या खड्डा बुजवतानाच नाहीशा झालेल्या आहेत.

कलम ३. शिवलिंग भावजींनी नेलेली शिडी त्यांच्याकडेच राहू द्यावी. ती परत केल्याचे मात्र त्यांनी यापुढे सांगू नये.

कलम ४. ओसरी. या कागदाचे खरे कारण हेच कलम आहे. ओसरीवर काय चालते याविषयी गावात बरेच बोलून झाले आहे. आता मी सांगते.

यजमान असताना ओसरीवर आमचे दुकान होते. फळ्यांचे दार त्यांनीच बसवले. तेव्हा सोमलिंग लहान होता आणि दुपारभर रडे. गाईपुढे टाकायच्या कडब्यातले एखादे धाट मी उचले, सुरीने त्याची साल काढी, आतले पांढरे भेंड कापी आणि बाभळीचे काटे टोचून बैलगाडी जोडून देई. असले खेळणे आपल्याकडे सगळीच पोरे करतात. पुढे पोरगा मोठा झाला, माझा हात झाला नाही. एकदा सासूबाईंचे फार बोलणे खाऊन मी धाट घेऊन बसले आणि पाहते तर हातून मुसळ झाले होते, आणि मुसळाला तोंड होते. मला एकटीलाच हसू आले. त्या दिवशीची भाकर घशाखाली उतरली. तेव्हापासून दिवेलागणीच्या आधी रोज बसायचे आणि दिवसभरातले जे मनाला चिकटून राहिले असेल ते चिपाडातून काढायचे, असा माझा परिपाठ झाला. कधी आडावरचे भांडण, कधी पंगतीत वाढप्याने चुकवलेले माझे पान, तर कधी नुसता ऐटबाज कोंबडा.

यजमान गेल्यावर दुकान बंद झाले आणि बायका येऊन बसू लागल्या. पहिली कस्तुराबाई आली. तिने म्हटले, “मला काय जमंल?” मी म्हटले, वाकडे कर, पण आजचे कर. हळूहळू ओसरी भरू लागली. कोणी काय केले ते विचारायचे नाही, ही एकच रीत. झालेली चिपाडे रात्री पडद्यामागच्या कोनाड्यात ठेवायची आणि सकाळी माझ्या चुलीत घालायची. कोणाचे चांगले झाले म्हणून राखायचे नाही. राखले की दुसऱ्या दिवशी हात शहाणपणा करू लागतो.

गावाला हे पटले नाही. वांझ बाई, त्यातून रांडमुंड, माणसांच्या बाहुल्या करते आणि त्यांना काटे टोचते. मग करणीशिवाय दुसरे काय असणार? कोणाचे मूल तापले की एखादी सासू ओसरीसमोर येऊन उभी राही आणि आपल्या सुनेकडे कमी, माझ्या हाताकडे जास्त बघे. पुरुषांना वेगळीच धास्ती होती. इतक्या बायका एका जागी बसतात आणि बोलत नाहीत, याचा अर्थ त्यांना लागत नव्हता. मी कोणाला समजावयास गेले नाही. ज्याला संशय घ्यायचा आहे त्याला खुलासा दिला की तो खुलाशावरही संशय घेतो. माझा स्वभावही तसाच असल्याने हे मला माहीत आहे.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे फौज येण्याच्या आधी, रझाकार गावच्या चावडीत येऊन राहिले. अर्ध्या गावचे पुरुष त्या दिवसांत चावडीच्या आत-बाहेर होत होते. कोणाला कशासाठी धरले हे सोडतानाही सांगत नसत. एका संध्याकाळी मी चावडी केली. पुढचे दार, मागचे दार, खाटेवर तोंड उघडे टाकून घोरणारा जमादार आणि अंगरखा काढून त्यातल्या उवा वेचणारा एक शिपाई. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. इतके मोकळे हसणे त्या वर्षात गावात दुसरीकडे कोठे झाले नसेल.

सकाळी चूल पेटवायच्या आधीच शिपाई आले. त्यांनी घर धुंडाळले नाही. उतरंड हलवली नाही, कणग्यांत काठी घातली नाही. सरळ पडदा सारला, कोनाड्यातली चावडी उचलली आणि मला पुढे घातले. कोनाडा पडद्यामागे आहे. तो ओसरीवर येणाऱ्या बायकांनाच ठाऊक. तेव्हा माझ्या ध्यानात आले की हे सांगणारी त्या संध्याकाळी ओसरीवर आलेलीच कोणीतरी आहे.

मला दिवसभर चावडीपुढे उन्हात बसवले. गाव समोरून जात-येत होते आणि प्रत्येकाला त्याच वेळी जमिनीवर काहीतरी सापडत होते. उतरत्या उन्हात जमादाराने आत बोलावले. मागचे दार का केले, नकाशा कोणासाठी आहे, सरहद्दीवरच्या कॅम्पातले लढणारे लोक कधी येणार आहेत, असे त्याने विचारले. मी म्हटले, दार आहे म्हणून केले. त्याने एक धाट माझ्यापुढे टाकले आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवले. मला बनव, म्हणाला.

मी त्याला केले. भीती होती, तरी खोटे करवले नाही. खाटेच्या काठावर बसलेला माणूस केला, पाय जमिनीला न टेकलेला. त्याने तो बराच वेळ हातात धरला. मला वाटले, आता हसेल किंवा मारील. तो शांतपणे म्हणाला, “बुढी, तेरे हाथ को सब दिखता. इसी के वास्ते तेरा खेल बंद.”

बायका जमवणार नाही असा मुचलका उर्दूत लिहून त्यावर माझा अंगठा घेतला. ओसरीला त्यांचे कुलूप बसले. तो चिपाडाचा माणूस त्याने ठेवून घेतला की फेकला, मला माहीत नाही.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. घरात एकटीने बसून करता आले असते, पण धाट हातात घेतले की बाहेर पाऊल वाजल्यासारखे होई. हात रिकामे झाले आणि डोके लोकांच्या घरात शिरले. अमकी त्या संध्याकाळी लवकर का उठली, तमकीने चावडी दोनदा का पाहिली, हेच दळण. ज्या वेळात मी एखादा कोंबडा केला असता त्या वेळात मी माणसे सोलू लागले.

भाद्रपदात हिंदुस्थानी फौज आली आणि रझाकार पळाले. कुलूप मी वरवंट्याने फोडले. बायका परत आल्या. पण त्यांच्या हातून आता निघे तो पाळणा, रावा, तुळशीवृंदावन. देखणी कामे, जत्रेत मांडावीत अशी. प्रत्येकीची पाठ दुसरीकडे. आपण आज काय केले ते उद्या कोणाच्या कानावर जाईल याचा नेम नव्हता. माझीही तीच गत. वर्षभर मी बैलगाड्या केल्या.

या श्रावणात एका संध्याकाळी एका बाईने चावडीच्या पायऱ्या केल्या. वरच्या पायरीवर हात मागे बांधलेला पुरुष. खालच्या पायरीवर एक बाई, तोंड वर केलेले, आणि तिचे एक बोट लांब, अंगाच्या मानाने फार लांब, आमच्या ओसरीच्या दिशेने. तिने ते मधोमध ठेवले आणि हात मांडीवर घेऊन बसली. सगळ्यांना समजले, मलाही समजले. तिच्या धन्याला माझ्या घरी शिपाई आले त्याच सकाळी सोडले होते.

माझ्या मनात जे आले ते या कागदावर लिहिण्यासारखे नाही. पण विचारायचे नाही ही रीत मीच घातलेली. सकाळी मी इतरांच्या चिपाडांबरोबर त्या पायऱ्या चुलीत घातल्या आणि त्या जाळावर भाकर केली. ती गोड लागली असे खोटे सांगत नाही. संध्याकाळी ती येणार नाही असे मी धरून चालले होते. ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. मी तिच्यापुढे धाट टाकले.

मी तिला माफ केले असे कोणी समजू नये. तसे लिहवून घेतलेले नाही. पण त्या दिवसापासून ओसरीवर परत खरी कामे होऊ लागली. परवा एका सुनेने सासऱ्याची पगडी केली आणि आत माणूसच केला नाही.

कलम ५. त्या बाईचे नाव मी सांगत नाही. ज्या तेव्हा बसल्या होत्या त्यांना ते माहीत आहे, आणि आजवर ते ओसरीबाहेर गेलेले नाही. माझ्या वारसांनी ते शोधू नये. शोधणाऱ्याचा या घरावरचा हक्क त्याच दिवशी संपेल.

कलम ६. सोमलिंग असे म्हणेल की काकूचे डोके फिरले होते, म्हातारपणी चिपाडे खेळत होती, म्हणून कागद रद्द. त्याने तहसिलीत तसे म्हणण्याआधी उत्तरेश्वर मास्तरांना विचारावे. हे कलम लिहीत असताना मी त्यांना चिपाडातून काढले, एक कान मोठा आणि लेखणी कानापेक्षा मोठी. साक्षीदार गोरोबा यांनी ते कोण आहेत हे न सांगता ओळखले. मास्तरांनीही ओळखले व दुसरा कानही मोठा करण्यास सांगितले.

कलम ७. ओसरी कोणाच्या हाती. ओसरी माझ्या मागे विकू नये, भाड्याने देऊ नये, तीवर दुकान थाटू नये. दिवेलागणीआधी जिला बसायचे आहे तिने बसावे. जात, घर, सासर विचारू नये. पुरुषाला बसायचे असेल तर त्यानेही बसावे, पण आधी स्वतःचे एकतरी चिपाड करून दाखवावे. धाटे सोमलिंगने आपल्या कडब्यातून द्यावीत. माझी सुरी तेथेच राहील.

दाराची किल्ली माझी धाकटी जाऊ शांताक्का, म्हणजे शिवलिंग भावजींची पत्नी व सोमलिंगची आई, हिच्याकडे राहील. हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल. कारण वर्षभर मी तिच्यावरच डोळा ठेवून होते. चावडी केली त्या संध्याकाळी ती विरजण मागायला आली होती, ओसरीवर उभी राहून तिने ती पाहिली होती आणि नाक मुरडले होते; कोनाडाही तिला ठाऊक होता. मला तेवढे पुरले. तिच्या हातचे ताक घेणे मी बंद केले आणि का ते सांगितले नाही. म्हणून येथे स्पष्ट लिहून ठेवते, शांताक्काने सांगितले नव्हते. गावात कोणाच्या मनात तसे असेल तर त्याने ते काढून टाकावे.

मागल्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले. तिने पाट दिला, ताक दिले, मी प्याले. मग मी तिला सगळे सांगितले, माझा संशयही सांगितला. तिने पातेले घासणे थांबवले नाही. ती म्हणाली, “म्हाईत हुतं मला. वरीसभर तुमी ताक न्हेलं न्हाय, ते काय मला कळलं न्हाय व्हय?”

मी विचारले, मग बोलली का नाहीस?

“इचारलं असतं तर बोलले असते,” ती म्हणाली.

मग मी किल्लीचे काढले. सोमलिंग तिचा पोटचा पोर आहे, ओसरीवर त्याचा जीव आहे, तो रोज तिच्या मागे लागेल, हेही मी तिच्यापुढे मांडले. तिने घासलेले पातेले पालथे घातले. मला वाटले, आता पोराची बाजू घेईल. घेतली असती तरी मी तिला दोष दिला नसता. शेवटी तिने हात पदराला पुसले.

“अक्का, तुमचं ते चिपाड मला कधी आवडलं न्हाय आन् आवडणार बी न्हाय. म्या त्याला हात लावणार न्हाय. पर दार रोज उघडीन. सोम्या आडवा आला तर त्येला सांगंन, आधी मला उचलून बाजूला ठिव.”

माझ्या ओसरीवर इतक्या जणी बसून गेल्या. मला हे आवडत नाही, असे माझ्या तोंडावर सांगणारी ही एकच. म्हणून किल्ली तिच्याकडे.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी सांगितले, दोनदा ऐकले, आणि ऐकलेले व सांगितलेले एकच आहे अशी खातरी झाल्यावर अंगठा केला. याआधी माझ्या नावाने दुसरे कोणते मृत्युपत्र कोणी दाखवले तर ते खोटे समजावे.

मुक्काम सास्तूर, कार्तिक शुद्ध पंचमी, शके १८७१, सन १९४९.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा : पार्वतम्मा भ्र. वीरभद्र

साक्षीदार :
१. गोरोबा, राहणार सास्तूर, सही दस्तुरखुद्द
२. हिंमतराव, राहणार सास्तूर, सही दस्तुरखुद्द

लिहिणार : उत्तरेश्वर मास्तर, राहणार सास्तूर

किल्ली सांभाळणे कबूल, निशाणी अंगठा : शांताक्का भ्र. शिवलिंग. अंगठा देण्याआधी तिने कलम सातवे कस्तुराबाईच्या लेकीकडून वाचून घेतले, आणि तिच्या म्हणण्यावरून हे जोडले आहे की ताक आजपासून पुन्हा रोज येईल.