दोन बोटांची फट

बाबा,

आज सकाळी मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला झाड कसं वाचवतात यावर अर्धा तास सुनावलं. तुम्ही ज्या गिरणीत गवंडीकाम केलंत, तिच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये मी राहतो. आवारात एक जुना वड शिल्लक ठेवलाय. ठेवलाय म्हणजे जाहिरातीत त्याचा फोटो छापला, खोडाला निळे दिवे गुंडाळले, आणि आता थेट बुंध्यापर्यंत सिमेंट ओतून वर पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरवलंय, कारण मातीने लोकांचे बूट खराब होतात. मी सेक्रेटरीला सांगितलं, बुंध्याभोवती माती मोकळी सोड, ब्लॉक वाळूवर मांड, सांध्यांत सिमेंट भरू नकोस, पाणी खाली जाऊ दे. तो मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "अंकल, हे तुम्ही व्हिडिओत बघितलंत का?" मी म्हणालो, माझ्या वडलांनी शिकवलं, त्यांनी एका झाडाभोवती असंच बांधलं होतं. म्हणून लिहायला बसलो आहे.

तुम्ही मला काही शिकवलं नव्हतंत. शिकवायला निघाला होतात तेव्हा मी ऐकलं नाही.

चिंचपोकळीच्या आपल्या चाळीच्या चौकातली ती चिंच आठवते. तीन मजल्यांच्या गॅलऱ्यांतून तिची फांदी हाताला लागायची. झाडावर भूत आहे म्हणून बायका तिन्हीसांजेला पोरांना खाली सोडत नसत आणि त्याच बायका सकाळी तिच्याच चिंचेचा कोळ आमटीत घालत. तुम्ही कोकमावर वाढलेला माणूस. आईने माशाच्या सारात चिंच घातली की तुम्ही वाटी नाकाशी नेऊन म्हणायचात, ह्या सार काय, की भांडी घासूचा पाणी? आई म्हणायची, मग गावाहून सोलं आणा. तरी वाटी रिकामी व्हायची. मी आत्ताही ते स्वयंपाकघर बघतो आहे, स्टोव्हच्या धुराने काळी झालेली भिंत, पाटावर तुम्ही, डाव्या हाताने जेवण कालवताय, कारण मोर्चात लाठी बसल्यापासून उजवा खांदा वर होत नाही. राज्य मुंबईसह झालंच पाहिजे म्हणून तुम्ही रस्त्यावर गेला होतात. आपल्या चाळकमिटीचा अध्यक्ष त्या दिवसांत बायकोला दिवस गेलेत म्हणून गावी जाऊन बसला होता. वर्षभराने परत आला तेव्हा मूल नव्हतं, पण भाषण तयार होतं.

राज्य मिळणार असं नक्की झालं तेव्हा या माणसाला चौकात एक कट्टा हवा झाला. झेंडा, माईक, सहा खुर्च्या आणि बाहेरून आणलेला पाहुणा, एवढं मावेल असा, आणि मधोमध चिंच, सावलीसाठी. वर एक संगमरवरी पाटी. पाटीवर कमिटीच्या सात जणांची नावं आधी कोरून झाली आणि मग कट्टा बांधायला कुणीतरी लागेल हे त्यांच्या लक्षात आलं. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही फुकट बांधणार होता.

तुम्ही त्यांच्यासमोर टोपी हातात घेऊन उभे होतात आणि मला तुमची लाज वाटत होती. मी नुकतीच ओव्हरसियरची परीक्षा पास झालो होतो. खिशाला दोन पेनं लावायचो. तुम्ही त्यांना तुमच्या बोलीत सांगितलंत, "चिचेक पार बांधूचो नसता. पार वडाक, पिंपळाक. हिचो बुंधो उघडो रवाक व्हयो." कमिटी हसली. हसणाऱ्यांत मीही होतो. अध्यक्ष म्हणाला, भुताला घाबरलात होय. तुम्ही काम घेतलंत.

आणि गावच्या घराभोवती बांधतात तसा गडगा रचलात. जांभ्या दगडाचा, एकावर एक नुसता बसवलेला, चुना नाही, सिमेंट नाही. वीतभर उंच. आत वाळू पसरलीत, वाळूवर फरशा मांडल्यात, दोन फरशांमध्ये बरोबर दोन बोटांची फट, आणि बुंध्याभोवती हातभर माती तशीच उघडी. रोज गिरणीतून सुटल्यावर तासभर, एका चांगल्या हाताने. प्रत्येक फरशी मांडून झाली की कडेला दोन बोटं घालून बघायचात. मी गॅलरीतून बघायचो आणि आत जायचो. नव्या राज्यात, मुंबईत, माझा बाप खेड्यातला गडगा रचतोय.

एक मेच्या आधीच्या रविवारी कमिटीने खुर्च्या मांडून बघितल्या. एका खुर्चीचा पाय फटीत गेला आणि अध्यक्ष तिच्यासकट कलंडला. तो पडला याचं मला आजही मनापासून समाधान आहे, तेवढ्यासाठी तरी तुमचे आभार. पण तेव्हा तो उठला, धोतर झटकलं आणि सगळ्यांदेखत मला म्हणाला, "तुझ्या बापाने काम अर्धवट सोडलंय. तू शिकलेला ना?" एवढं पुरलं. असल्या माणसाच्या अशा एका वाक्याने मी हलावं, यावरून माझी काय किंमत होती ते कळतं. कमिटीने परवान्यावर मिळवलेली सिमेंटची गोण जिन्याखाली पडली होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही गिरणीत होता तेव्हा मी तुमच्या पिशवीतली थापी काढली, चौकात माल कालवला आणि दुपारभर एकेक फट भरली. गडग्याचे सांधे भरले. शेवटी बुंध्याभोवतीच्या उघड्या मातीवरही सिमेंट भरलं, सालीला टेकेपर्यंत, आणि वरून घोटून गुळगुळीत केलं. गॅलरीतून बायका बघत होत्या. एकीने म्हटलंसुद्धा, बघा, लेक बापाचं काम पुरं करतोय. मी घाम पुसला आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तुम्ही पाचनंतर आलात. डबा हातात. वाकलात, एका सांध्यावरून बोट फिरवलंत. माल अजून ओला होता, खरवडून काढता आला असता. मी समोरच उभा होतो, अजून हात धुतले नव्हते. तुम्ही बोट सदऱ्याला पुसलंत आणि म्हणालात, "थापी बरी चलवलंस." मग वर जाऊन जेवलात.

कार्यक्रम झोकात झाला. खुर्च्या हलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात तुम्ही छिन्नी घेऊन बुंध्याशी बसलात, तर कमिटीचे दोघं धावत आले. महाराष्ट्राच्या कट्ट्याला छिन्नी लावायची नाही म्हणाले. ज्याचा खांदा त्या राज्यासाठी गेला त्याला हे सांगत होते. तुम्ही छिन्नी पिशवीत टाकलीत. तिसऱ्या पावसाळ्यात चिंचेचा शेंडा वाळला, बुंध्याची साल सिमेंटच्या कडेला कुजून सुटायला लागली, आणि चौथ्यात पालवीच आली नाही. चाळीची सभा भरली. अध्यक्ष म्हणाला, गवंड्याने झाड मारलं, चिंचेला पार बांधायचा नसतो हे कोकणातल्या माणसाला कळायला हवं होतं. तुमचंच वाक्य, त्याच्या तोंडी. तुम्ही भिंतीला टेकून उभे होतात. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो, खिशाला पेनं होती. तुम्ही माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत. बघितलं असतंत तर मी उठलो असतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. उठलो नसतो.

चिंच तोडली. लाकूड कमिटीने खाटकाला विकलं, मटण तोडायच्या ओंडक्यासाठी. आई वाण्याकडून चिंच आणायला लागली, आणि तुम्ही साराला नावं ठेवणं बंद केलंत. चौकात उतरणंही बंद केलंत. तुम्ही गेलात तेव्हासुद्धा खांदा द्यायला आलेल्यांत एकजण हळूच म्हणाला, चिंचेचा पार ह्यांनीच बांधलेला. मी पुढच्या बाजूला होतो, मला ऐकू आलं.

मी पुढे चाळीस वर्षं बांधकामं केली, सिमेंटचीच. कमिटीवाल्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की मीच तो आठवा हे विसरायला सोपं गेलं. पाटीवर सातच नावं होती, माझं नव्हतं, एवढंच.

सेक्रेटरी शेवटी कबूल झाला. माझ्या बोलण्याने नाही, वाळूवर मांडलेले ब्लॉक स्वस्त पडतात हे कळलं म्हणून. जाता जाता त्याने विचारलं, "मग ते तुमच्या फादरचं झाड अजून आहे का?" मी म्हणालो, आहे.

हे पत्र कुठे पाठवणार? पाठवायची सोय असती तरी धाडस झालं नसतं. पण एक राहिलं. थापी बरी चलवलंस, असं म्हणालात ते काय होतं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी आजवर कुणी कामाला नावं ठेवली की मी तेच वाक्य मनात काढतो, शाबासकी म्हणून. तुमच्याकडून दुसरी मला मिळाली नाही.