पान अकरावरचे दोन लॅम्डा

१० मार्च, मंगळ.
जर्नलला पाठवलेल्या पेपरवर परीक्षकांचा अभिप्राय आला. निकाल पसंत. तक्रार एकच, चिन्हं सगळीकडे सारखी ठेवा. खरंच आहे. पहिला अर्धा भाग माझा, दुसरा हेतलबेनचा. त्या माझ्या गाइड सरांच्याच जुन्या विद्यार्थिनी. २३ ला त्यांची कॉलेजात नोकरीसाठी मुलाखत, हाच पेपर दाखवायचाय. शनिवारपर्यंत सुधारायचं, पाठवणार सर.

११ मार्च, बुध.
माझा λ म्हणजे ग्राफचं आयगेनव्हॅल्यू, बिंदू-कडांच्या त्या जाळ्यातून निघणारी एक संख्या. त्यांचा λ म्हणजे कडांचं वजन. त्यांच्या λ चा μ (म्यू) करत सुटले. दहा पानं झाली.

पान ११. तिथे एक अपूर्णांक: वर λ, खाली λ. लिहिताना कापलं होतं, उरला १. आता वर λ, खाली μ. कापता येत नाही.

हे पान दोघींचे भाग जोडायला मीच लिहिलेलं. परत तपासलं. तीनदा. पुढचं मुख्य प्रमेय यावरच उभं.

१२ मार्च, गुरु.
सरांना दाखवलं. पान बघितलं, चष्मा काढला. "अक्षर बदलवानां छे, बेन. गणित नहीं."
म्हटलं, अक्षर बदललं म्हणून तर दिसलं.
"परीक्षकांना दिसलं?"
नाही.
"मग?"
पान उचलून निघाले. घरी, उधन्यापर्यंत रिक्षात पान मांडीवर तसंच.

पप्पा कापडाच्या लूमवरून आलेले. तोंड बघून विचारलं, "काय व्हयनं?" सांगितलं, माझ्या नि हेतलबेनच्या भागात एकाच नावाचे दोघं, मी एकच समजले. ते म्हणाले, "आमना खातामा दोन सुनील शेतस. एकले हाक मारी का दुसरा येस." मग गंभीर होऊन, "त्या पोरीले सांगं का?"
नाही सांगितलं अजून.

१३ मार्च, शुक्र.
सकाळी हेतलबेनला फोन. पान ११ चं सांगितलं. मग, "तुला आत्ताच दिसायचं होतं?"
सॉरी म्हणाले. त्यांनी फोन ठेवला.

μ हा λ पेक्षा लहान निघाला तर थोडं कमजोर प्रमेय वाचेल, मोठा निघाला तर तेही जाईल. काय निघतो, माहीत नाही. दुपारभर बसले. नाही जमलं.

१४ मार्च, शनि.
मुदत आज. सरांना मेल केला: पान ११ चुकीचं आहे, माझ्या नावाने असं पाठवू नका. उत्तर नाही.

सकाळी अकरा वाजता हेतलबेन दारात. चप्पल काढून आल्या, आईने दिलेलं पाणी प्यायल्या, माझ्यासमोर जमिनीवर बसल्या.
"मुलाखतीत विचारलं तर काय सांगू?"
मी पान ११ पुढे केलं.
त्यांनी कोरा कागद ओढला, वर λ लिहिला, खाली μ. "चल. μ मोठा निघाला तर काय, ते आधी बघू."