‘इतर’चा भाव

सोमवार, ३ मार्च

झाला, बाजार सुरू झाला! चहाच्या खोलीतल्या पांढऱ्या फळ्यावर मी स्वतः तीन रकाने आखले — ‘उपसंचालक’, ‘संशोधनप्रमुख’ आणि ‘इतर’. उपसंचालक म्हणजे अस्मादिक. संशोधनप्रमुख म्हणजे आमच्या आलेखबाई, ज्या जेवायला काय आणलंय हेही आलेख काढून सांगतील. प्रश्न एकच: सर निवृत्त झाल्यावर संस्थेचा संचालक कोण? नाव ठरवायचा हक्क एकट्या सरांचा, आणि ते अठ्ठावीस तारखेच्या वार्षिक सभेत जाहीर करणार. तोवर सव्वीस जणांनी जिन्यात कुजबुजण्यापेक्षा उघड बाजार भरवू, ही कल्पना माझी!

नियम सोपे. प्रत्येकाला चुंबकाच्या वीस चकत्या, मागे आपलं नाव. ज्याचा अंदाज बसेल त्याच्या रकान्यात चिकटवायच्या. वाटलं तर काढून दुसरीकडे लावा, एकमेकांत सौदा करा, कुणी अडवणार नाही. दर शंभर चकत्यांतल्या किती कुणाच्या रकान्यात, तो त्याचा भाव. ज्याच्या सर्वात जास्त चकत्या बरोबर रकान्यात, त्याला पंधरा दिवसांची पगारी रजा.

मी छोटंसं भाषणही ठोकलं. एका माणसाला जे ठाऊक नसतं ते सगळ्यांना मिळून ठाऊक असतं, आणि ते भावातून कळतं. खुल्या बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या संस्थेने स्वतःच्या घरात तो वापरायला नको? टाळ्या पडल्या. स्वागतकक्षात फोन घेणाऱ्या मुलीने विचारलं, "सर, बिस्किटं ठेवणार का फळ्याजवळ?" ठेवली.

संध्याकाळचा भाव: मी ५८, आलेखबाई ३४, इतर ८.

अठ्ठावन्न! घरी येऊन हिला सांगितलं. म्हणाली, "म्हणजे बेचाळीस लोकांना तू नको आहेस." हिला टक्केवारी कळत नाही. किंवा फार कळते.

बुधवार, ५ मार्च

मी ६१.

सरांनी आज तीनदा विचारलं, "मुलगी काय शिकते रे तुझी?" सकाळी, जेवणानंतर आणि निघताना. इतकी वर्षं मी लग्न केलंय की नाही याचीही त्यांनी कधी चौकशी केली नव्हती. घरची विचारपूस सुरू झाली म्हणजे माणूस आपल्याला कुटुंबातला मानू लागला. चांगलं लक्षण!

गुरुवार, ६ मार्च

लिहूनच टाकतो. मला ती खुर्ची हवी आहे. इथे मी पायावर पाय टाकून बसल्यासारखं लिहितो, पण रात्री झोप लागत नाही. एकवीस वर्षं झाली. सरांची भाषणं मी लिहिली, त्यांच्या नावाचे लेख मी लिहिले, मंत्र्यांना पाठवायची खरमरीत पत्रं मी लिहिली आणि उत्तरं आली की ती सरांनी वाचून दाखवली. मला वाईट नाही वाटलं. सर विचार करणार, मी शब्द शोधणार, अशी आमची वाटणी होती. पण एकदा, फक्त एकदा, दारावरच्या पाटीतून तो ‘उप’ निघावा. बस्स.

सोमवार, १० मार्च

मी ५२. एकदम नऊ घसरलो. बाजारात अशा किरकोळ दुरुस्त्या होतच असतात. काळजीचं कारण नाही.

मंगळवार, ११ मार्च

मी ४५. ही काय किरकोळ दुरुस्ती!

आलेखबाई वाढल्यात म्हणावं तर त्याही घसरल्या, २७. वाढलंय ते ‘इतर’ — २८! हे इतर म्हणजे कोण? कुणी बाहेरचा? सगळ्यांदेखत फळ्यासमोर उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून चार वेळा चहा घ्यायला गेलो. चौथ्या वेळी नुसताच कप घेऊन उभा राहिलो आणि चकत्यांच्या मागची नावं बघितली. पहिल्या वीस कुणाच्या? ड्रायव्हरच्या!

सरांचा ड्रायव्हर. तीन वर्षांपूर्वी लागला, कधी जास्त बोलत नाही. त्याने वीसच्या वीस ‘इतर’ला लावल्या. वर सफाईवाल्या मावशींच्या वीस घेतल्या — बदल्यात महिनाभर त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडणार. मग हिशेबनिसाने ते पाहिलं आणि आपल्या वीस तिकडे सरकवल्या. मग फोनवरच्या मुलीने. ती म्हणे, "सरांबरोबर रोज दोन तास कोण असतं? तुम्ही की तो?"



बुधवार, १२ मार्च

सकाळी सरांनी बोलावून माझ्या बंदरांवरच्या लेखाची स्तुती केली. "नेमकं लिहिलंस, एक शब्द इकडचा तिकडे करायला नको." हवेत तरंगत बाहेर आलो. दुपारी पुन्हा बोलावलं, पुन्हा तीच स्तुती, तेच शब्द! सरांसारखा मोजून बोलणारा माणूस एकाच दिवशी दोनदा कौतुक करतो, याचा अर्थ न कळायला मी काही दूधखुळा नाही.

ड्रायव्हरला काय कळतंय! बाजार चुकतोय. कधीकधी चुकतो.

(हे वाक्य या वहीबाहेर जाता कामा नये.)

शुक्रवार, १४ मार्च

आज मी एक गोष्ट केली.

हिशेबनिसाच्या पाठीला माझ्या खोलीतली फिरती खुर्ची फार मानवते. ती त्याला दिली, त्याच्या वीस चकत्या घेतल्या आणि माझ्या रकान्यात लावल्या. भाषांतरकाराच्या वीस घेतल्या, बदल्यात त्याचा दोनशे पानी अहवाल मी तपासणार. ग्रंथपालाने नुसत्या मागितल्यावर दिल्या, त्यामुळे जरा अपमानच वाटला. संध्याकाळी मी ५४.

घरी हिने विचारलं, "पाठ धरून का बसलायस?" सांगितलं. ती हसत सुटली. "म्हणजे भाव पडायला लागल्यावर तू स्वतःच माल उचलायला लागलास? हे सरकारने केलं की वाईट असतं ना? तुझं पुस्तक आहे की त्यावर!"

आहे. ‘आधारभावाचे दुष्परिणाम’. तिसरी आवृत्ती. अर्पणपत्रिका हिलाच आहे, त्यामुळे वाचलं नसेल असं समजून चाललो होतो.

सोमवार, १७ मार्च

इतर ४४, मी ३९. लाकडी खुर्चीवर बसून पाठीचा चुराडा झाला तो फुकटच.

सर काल रविवारी ऑफिसात येऊन गेले म्हणे. पहारेकरी सांगत होता. पाच-दहा मिनिटं दाराशी उभे राहिले, कुलूप बघितलं, परत गेले. सत्तर पार केलेला, एकटा राहणारा माणूस, आणि सुट्टीच्या दिवशीही कामावर! आम्ही मात्र रविवारी बारा वाजेपर्यंत लोळतो.

मंगळवार, १८ मार्च

आलेखबाई स्वतः माझ्या खोलीत आल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा. दार लावून घेतलं.

"अहो, हा ड्रायव्हर काय प्रकार आहे?"

"मला विचारता? तुम्ही संशोधनप्रमुख."

"त्याच्याकडे आतली माहिती आहे. गाडीत ऐकतो. हे न्याय्य नाही."

मी मान डोलावली. मग दोघांनीही नजर चुकवली. कारण आतल्या माहितीवर सौदे करायला बंदी नसावी, त्याने भाव लवकर खरा होतो, असा निबंध चार वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी मिळूनच लिहिला होता. पुरस्कारही घेतला होता. अर्धा अर्धा.

"तो मोठ्या कंपन्यांबद्दल होता," त्या म्हणाल्या.

"अर्थातच," मी म्हणालो.

तर ठरलं. फळ्यावर कागद लावायचा: ‘तांत्रिक कारणास्तव बाजार तात्पुरता बंद.’ आणि पुन्हा उघडताना ज्यांना संचालकांसोबत प्रवास करावा लागतो त्यांना भाग घेता येणार नाही, असा नियम. म्हणजे कोण, ते लिहायची गरज नाही. जाताना बाई म्हणाल्या, "दोन प्रतिस्पर्धी बंद दाराआड बसून बाजाराचे नियम ठरवतायत. याला काय म्हणतात, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. चहा घेणार?"

घेतला. बाई वाईट नाहीत.

बुधवार, १९ मार्च

कागद सकाळी नऊला लावला. सव्वादहाला सर चहाच्या खोलीत आले. कधी येत नाहीत! कागद वाचला, मोठ्याने.

"बाजार बंद? हा निर्णय कोणत्या सरकारचा?"

सगळे आपापल्या कपात बघू लागले. हिशेबनीस माझी फिरती खुर्ची ढकलत चहालाही घेऊन आलेला, तीत बसून माझ्याकडेच बघतोय!

मी पुटपुटलो, "सर, जरा... काही लोकांकडे जास्त माहिती आहे."

"मग त्यांच्याकडून शिका," सर म्हणाले आणि कागद टराटरा फाडून माझ्या हातात दिला. काय तो आवाज, काय ती नजर! माझी नाचक्की झाली खरी, पण खोटं कशाला लिहू, त्या क्षणी मला सरांचा अभिमान वाटला. याच माणसासाठी मी एकवीस वर्षं इथे राहिलो.

भाव दिवसभर बघितला नाही.

(बघितला. इतर ६३.)

शुक्रवार, २१ मार्च

शेवटी ड्रायव्हरलाच गाठलं. तो खाली गाडीची काच पुसत होता. मी आधी हवापाण्याचं बोललो, मग टायरचं. मग सरळ विचारलं, "तू ‘इतर’ का घेतलंस?"

त्याने फडकं पिळलं. "साहेब, गाडीत ऐकलेलं मी गाडीतच ठेवतो. घरी बायकोलासुद्धा सांगत नाही."

"पण फळ्यावर लावतोस की!"

"चकत्या माझ्या आहेत ना, साहेब? कुठे लावायच्या ते मी ठरवायचं, असं तुम्हीच पहिल्या दिवशी म्हणालात."

याला उत्तर असेल तर ते मला एकवीस वर्षांत सापडलेलं नाही. मी वळलो, तेवढ्यात तो मागून म्हणाला, "तुमच्या चकत्या इकडे लावा, साहेब. खरंच सांगतो. तुमचं नुकसान व्हावं असं वाटत नाही."

एवढ्या मायेने म्हणाला की मला रागसुद्धा धड आला नाही.

सोमवार, २४ मार्च

इतर ७८. मी १५. आलेखबाई ७, आणि त्या म्हणे एका विद्यापीठात अर्ज करतायत.

मंगळवार, २५ मार्च

१५.

बुधवार, २६ मार्च

आज सरांकडे गेलो. ठरवून. म्हटलं, आडपडदा नको, विचारूनच टाकावं. सर खिडकीपाशी उभे होते. मला बघून इतकं छान हसले की माझं सगळं पाठ केलेलं विसरलो. म्हणालो, "सर, संचालकपदासाठी मी योग्य नाही का?"

ते जवळ आले, खांद्यावर हात ठेवला. "अरे, तू तर हवासच. तुझ्याशिवाय कसं चालेल? तू त्याला सांभाळून घे."

त्याला. म्हणजे कुणीतरी आहे. ड्रायव्हर बरोबर, सव्वीस जणांचा फळा बरोबर, चूक फक्त मी. बाहेर येऊन जिन्यातच बसलो. रडलो नाही, पण फार काही अंतरही नव्हतं.

"कोण, सर?" एवढंसुद्धा मला विचारता आलं नाही.

हिने आज एकही टोमणा मारला नाही. चहा करून दिला आणि म्हणाली, "एकवीस वर्षं तू खुर्चीसाठी नव्हतास तिथे. मला माहीत आहे." मग मात्र डोळ्यांत पाणी आलंच.

गुरुवार, २७ मार्च

झोप छान लागली, हे आश्चर्य! हरलेल्या माणसाला एवढं हलकं वाटतं हे आधी कळलं असतं तर पहिल्याच दिवशी हरलो असतो. हिशेबनिसाने आपणहून खुर्ची परत आणली. "पाठ बरी आहे आता," म्हणाला. खोटं बोलत होता. मी घेतली.

माझ्या चकत्या मात्र हलवल्या नाहीत. सगळ्या माझ्याच रकान्यात राहू देत. मूर्खपणा आहे, पण माझा आहे. उद्या जो कुणी येईल त्याच्याशी मी नीट वागणार. त्याची भाषणंही लिहून देईन, दुसरं मला येतं काय? सभेसाठी हिने शर्ट इस्त्री करून ठेवलाय.

शुक्रवार, २८ मार्च

सरांनी हातात कागदही न घेता, ठणठणीत आवाजात नाव जाहीर केलं — त्यांचा धाकटा भाऊ. "ही संस्था आम्ही दोघांनी काढली. आता त्याने चालवायची. वाटेत आहे, पोचेलच एवढ्यात."

धाकटे सर वारले त्याला नऊ वर्षं झाली. श्रद्धांजलीचं भाषण मीच लिहिलं होतं.

सर दाराकडे बघत उभे. मग मी उठलो आणि टाळ्या वाजवल्या. आलेखबाई उठल्या, मग सगळेच. सर इतके खूश झाले! मी जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो, त्यांनी माझा हात घट्ट धरला, सभा संपेपर्यंत सोडला नाही.

बाहेर ड्रायव्हर गाडीची किल्ली घेऊन उभाच होता. "साहेब, सरांच्या भावांना आणायला कुठे जायचं? सर रोज सांगतात, पण पत्ता देत नाहीत."